महानंदाअक्का सल्ला देत नाहीत

वळसंगला वेशीजवळ सिद्रामप्पांचं किराणा दुकान होतं आणि ते दरवर्षी थोडं थोडं बसत चाललं होतं. आधी फळीवरचे साबण विरळ झाले, मग तेलाचा दुसरा डबा येईनासा झाला, मग संध्याकाळी दुकानात दिवा लावायचा कंटाळा यायला लागला. आई पहाटे उठून ज्वारीच्या कडक भाकरी करायची. त्या फडक्यात बांधून सोलापूरच्या एका खानावळीत पोचवायच्या असत आणि ते गाठोडं घेऊन एसटीत चढायचं काम थोरल्या मुलीकडं, महानंदाकडं होतं. कडक भाकरी पापडासारखी मोडते. मोडलेली भाकरी खानावळवाला परत करायचा. म्हणून ती पोरगी गर्दीत उभी राहून गाठोडं डोक्याच्या वर धरायची, भाकरी पोचवून तिथून कॉलेजला जायची आणि संध्याकाळी परत आलेल्या मोडक्या भाकरी घरी घेऊन यायची. त्या आमटीत कुस्करून सगळे खायचे. "धाकट्या भावाला लई दिवस वाटायचं, भाकरी मोडलेलीच जन्माला येती," असं महानंदाअक्का सांगतात आणि स्वतःच आधी हसतात.

दुकान बसतंय म्हटल्यावर पाहुण्यांची रीघ लागली. अक्कलकोटचे काका आले, म्हणाले, खताची एजन्सी घे. मामा म्हणाले, दुकान वीक आणि सोलापुरात वॉचमन हो. आत्या म्हणाली, पोरीचं कॉलेज बंद कर, लग्न उरकून टाक. प्रत्येक जण चहा प्यायचा, सांगायचा आणि पाचच्या गाडीनं जायचा. सिद्रामप्पा सगळ्यांपुढं मान हलवायचे. शेवटी दुकानाच्या फळ्या कायमच्या लागल्या. त्या संध्याकाळी ते ओट्यावर बसून बायकोला म्हणाले, "मला तर दुकान हितनं उचलून स्टँडजवळ न्यायचं होतं. माणसं आता तितं उतरत्यात. पण मला कुणी इचारलंच न्हाय."

ही गोष्ट अक्कांनी खूप वर्षांनी, स्वतः घेतलेल्या एका शिबिरात सांगितली, तेव्हा एका मुलीनं डोळे पुसत विचारलं, "मॅडम, तेव्हाच तुम्हाला तुमचा मार्ग सापडला असेल ना?"

"न्हाय बाई," अक्का म्हणाल्या. "तवा मला भूक लागली होती."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते अक्कलकोट रोडच्या एका टॉवेलच्या कारखान्यात. त्या तिथं एचआर मॅनेजर आणि मी नवी ज्युनिअर. मी नातेपुत्याच्या बाजूच्या एका वस्तीवरची. वडील मेंढरं राखायचे, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.कॉम.चं सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी त्यांच्या टेबलापुढं उभी राहिले. त्यांनी विचारलं, "जेवलीस का?" आणि मी उत्तर द्यायच्या आत सल्ले सुरू झाले. खोली कुठल्या गल्लीत घ्यायची, कुठल्या रिक्षात बसायचं नाही, शेटपुढं किती आवाजात बोलायचं, केसांना कुठलं तेल लावायचं.

हो, सल्ले. आज कुणाला पटणार नाही, पण त्या काळी अख्ख्या कारखान्यात अक्कांइतकं सल्ले देणारं माणूस नव्हतं. शिलाई विभागातल्या बायका सासूच्या कटकटीपासून पोराच्या ॲडमिशनपर्यंत सगळं घेऊन त्यांच्याकडं यायच्या. शिलाईचे सुपरवायझर रज्जाकभाई म्हणायचे, "मॅडम के पास एक सवाल लेके जाव, चार जवाब लेके आव. पाँचवा रस्ते में फोन पे आता." अक्कांना त्याचा अभिमान होता. मराठीत सांगायच्या, कन्नडमध्ये सांगायच्या, मोडक्यातोडक्या तेलुगूत सांगायच्या. बायका माना हलवायच्या आणि जाऊन पूर्वीसारखंच वागायच्या.

लॉकडाऊनमध्ये कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी घरी बसून कोचिंगचा एक ऑनलाइन कोर्स लावला. हे कोचिंग शिकवणीचं नव्हे. धंदा, नोकरी किंवा संसार यात अडकलेल्या माणसाला नीट ऐकायचं, नेमके प्रश्न विचारायचे आणि त्याचं उत्तर त्याचं त्याला शोधू द्यायचं, असा हा व्यवसाय. मोठ्या शहरांत कंपन्यांचे साहेब असा कोच लावतात. कोर्समध्ये एका माणसाबरोबरचं संभाषण रेकॉर्ड करून, त्याच्या परवानगीनं शिकवणाऱ्या बाईंना पाठवायचं होतं. तो माणूस म्हणजे मी. मला तेव्हा इंग्रजी ई-मेलची धास्ती होती आणि नोकरी सोडावी असं मनात येत होतं. अर्धा तास फोनवर आम्ही बोललो. म्हणजे त्या बोलल्या.

शिकवणाऱ्या बाईंचं उत्तर आलं: "तुमच्या सुरेखानं पूर्ण संभाषणात आपलं नाव सांगितलं आणि 'हो मॅडम' म्हटलं. बाकी मला तिच्याबद्दल काहीच कळलं नाही. तुम्हाला कळलं का?"

दुसऱ्या दिवशी अक्कांचा फोन आला. आवाज बसलेला. "सुरेखा, एवढी वर्षं तू माझ्या शेजारच्या टेबलाला बसतीस. तुझ्या वडलांचं नाव काय गं?"

"बिरा," मी म्हणाले.

"मग?" त्या म्हणाल्या. आणि गप्प बसल्या. फोन कट झाला की काय म्हणून मी दोनदा पाहिलं. मग मी बोलायला लागले. मेंढरांवरून सुरू झालं आणि ई-मेलवर कसं आलं ते मला आठवत नाही, पण फोन ठेवताना नोकरी सोडायचा विचार माझा मीच बाजूला सारला होता. ह्या गोष्टीत माझा वाटा एवढाच.

गप्प बसणं त्यांना सोपं गेलं नाही. जन्मभराची सवय. समोरचा बोलायला लागला की सल्ला त्यांच्या ओठावर येऊन उभाच राहायचा. त्यावर त्यांनी उपाय काढला: जवळ पाण्याचा तांब्या ठेवायचा, सल्ला आला की एक घोट प्यायचा. सुरुवातीला एकेका बैठकीत तांब्या रिकामा व्हायचा. बाहेर आल्या की म्हणायच्या, "आज लई सल्ले गिळले गं, पोट टम्म झालं." घरी त्यांचे यजमान बसवराजभाऊजी, एका शाळेत क्लार्क, त्यांची वेगळीच तक्रार. "आमच्या घरात सल्ला बंद झाल्यापासनं मला सगळं स्वतः ठरवावं लागालंय. काल दुकानात अर्धा तास उभा होतो, शर्ट निळा घ्यावा का पांढरा. हिला फोन केला तर म्हणती, 'तुमाला निळ्यात काय दिसतंय?' शर्टच दिसालाय की बाई!"

कारखाना सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत अक्कांनी नोकरीचा राजीनामा दिला. पगार बरा, मान मोठा, निवृत्तीला वेळ होता. सगळ्यांनी वेड्यात काढलं. सात रस्त्याला एका औषधाच्या दुकानावर त्यांनी खोली भाड्यानं घेतली, दोन खुर्च्या एकमेकींना थोड्या तिरक्या ठेवल्या आणि दाराबाहेर 'कोचिंग' अशी पाटी लावली. पहिल्या आठवड्यात पाटी वाचून जिना चढलेली माणसं आपापली पोरं घेऊनच आली. एक गृहस्थ तर खुर्चीवर बसूनच म्हणाले, "दहावीचं गणित-सायन्स दोन्ही घेता का? बॅच सकाळची पायजे." अक्कांनी त्यांना पाणी दिलं, दोन गल्ल्या पलीकडचा चांगला क्लास दाखवला आणि दार उघडं ठेवून परत बसल्या.

खरं अवघड पुढं होतं. ओळखीचे लोक यायचे, तास-दीड तास मन मोकळं करायचे, चहा प्यायचे आणि "लई बरं वाटलं अक्का" म्हणून जायचे. पुन्हा पुढच्या आठवड्यात तेच रडगाणं घेऊन हजर. शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना स्पष्ट सांगितलं, की फुकटात मिळालेल्या तासाला माणूस गप्पा मारायला येतो, कामाला येत नाही. फी सांगा. तर अक्कांना फी सांगताच येईना! नव्या माणसाला त्याचा पगार ठणकावून सांगणारी बाई, स्वतःच्या कामाचा भाव सांगताना पदराचं टोक पिळायची. सोलापुरात आपल्या माणसाला "द्या की काय द्यायचं ते" म्हणायची रीत, ती मोडायची कशी?

मग रविवारी त्यांच्या गच्चीवर तालीम व्हायची. मी गिऱ्हाईक. भाऊजी चहा घेऊन प्रेक्षक.

"माझी फी एवढी आहे," अक्का म्हणायच्या. आणि लगेच, "पण तुमचं बघू की, आपल्यातलेच हाव तुमी."

"आउट!" भाऊजी ओरडायचे.

"माझी फी एवढी आहे. तशी जास्ती वाटती, पण—"

"आउट!"

एका रविवारी त्या फी सांगून थांबल्या. मी मुद्दाम तोंड वाकडं केलं, आभाळाकडं पाहिलं, "बापरे" म्हणाले. अक्का माझ्याकडं बघत राहिल्या, शांत, नजर न हलवता. शेवटी मलाच राहवेना, मी म्हणाले, "बरं, कधी येऊ?" भाऊजींनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर अक्कांना कुणासाठी फी कमी करताना मी पाहिलं नाही. अडचणीतल्या माणसाला त्या हप्ते पाडून द्यायच्या, फुकट काही द्यायच्या नाहीत.

नव्या माणसाला पहिल्या भेटीत त्या तीन गोष्टी सांगायच्या. तुम्हाला इथून काय घेऊन जायचं आहे ते तुम्ही ठरवायचं. काय करायचं ते मी सांगणार नाही. आणि हितं बोललेलं हितंच राहील. पहिल्या दोन गोष्टींना लोक कुरकुरायचे, तिसरीला "व्हय व्हय" म्हणून मान हलवायचे, जणू त्यात काय विशेष.

दुसऱ्या गोष्टीवरून सगळ्यात मोठा दंगा केला तो मोडनिंबच्या मान्यांनी. ट्रॅक्टरच्या स्पेअरपार्टचं चांगलं चाललेलं दुकान. हे ते स्वतः भेटेल त्याला सांगतात, म्हणून मी लिहिते आहे. ते आले आणि म्हणाले, "दुसरं दुकान टेंभुर्णीत टाकू का नको, एवढं एका शब्दात सांगा." अक्कांनी विचारलं, दुसऱ्या दुकानात तुम्ही स्वतः काय करताना दिसता? पहिलं कोण बघेल? ही कल्पना पहिल्यांदा कधी सुचली? मान्यांचा पारा चढत गेला. "मॅडम, फी मी द्यायची, आणि प्रश्न पण मीच सोडवायचा व्हय?"

"व्हय," अक्का म्हणाल्या.

माने तणतणत जिना उतरले. मोडनिंबला पोचायच्या आधीच गाडी कडेला लावून त्यांनी फोन केला. "ते तुमी इचारलं न्हाय का, पहिल्यांदा कधी सुचलं म्हणून... मेव्हण्याच्या दुकानाचं उद्घाटन होतं. त्याच दिवशी. मॅडम, मला दुकान नकोच हाय. मला मेव्हण्याचं तोंड बघायचं हाय उतरलेलं." दुसऱ्या आठवड्यात त्यांनी पुढच्या सगळ्या भेटींच्या वेळा ठरवून टाकल्या.

आता तिसऱ्या गोष्टीचं सांगते. यातलं एक अक्षर मला अक्कांकडून कळलेलं नाही. काही माझ्या डोळ्यांदेखत झालं, बाकीचं ज्याचं त्यानं स्वतः चारचौघांत सांगितलं.

आमच्या कारखान्याचे मालक अंबादासशेट, घरची भाषा तेलुगू, अक्कांना अम्मा म्हणायचे. वडलांच्या हातमागापासून सुरू करून शेटनी परदेशात टॉवेल पाठवण्यापर्यंत मजल मारलेली. रोज सकाळी खात्यातून फिरताना ते टॉवेल उलटा करून मागची बाजू बघायचे. पुढची बाजू कुणीही चांगली काढतो म्हणायचे. मुलगा श्रीकांत पुण्याहून शिकून आला होता. बापापुढं त्याचं तोंड उघडायचं नाही. मीटिंगला बसायचा, मोबाइल उलटा ठेवायचा आणि टेबलाकडं बघत राहायचा. शेटना त्याची काळजी होती. त्यांनी अक्कांना बोलावणं पाठवलं. "तुमी ते काय कोचिंग करताय ते आमच्या श्रीकांतचं करा. फी कारखाना देईल." शहरातल्या कारखानदारांत शेटचा शब्द मोठा. दोन-तीन जण 'अंबादासशेटचं कसं होतं ते बघू' म्हणून थांबून होते. अक्कांच्या कामाचं पुढं काय होणार, ते या एका कामावर येऊन ठेपलं होतं.

अक्कांनी बाप-लेकांना समोरासमोर बसवलं. काय साधायचं ते तिघांनी मिळून ठरवलं. आणि अक्कांनी शेटना सांगितलं, "श्रीकांत त्याचं त्याला वाटेल ते तुम्हाला सांगेल. माझ्याकडून काही कळणार नाही." शेट म्हणाले, "व्हय व्हय."

तीन महिन्यांनी, भर उन्हाळ्यात, शेटनी अक्कांना केबिनमध्ये बोलावलं. मी हजेरीचे कागद सहीला घेऊन तिथंच उभी होते. त्यांनी मला जा म्हटलं नाही.

"बसा अम्मा. काय म्हणतोय आमचा पोरगा?"

"बरा आहे. त्याला विचारा की."

"ते झालंच. पण तुमच्यापाशी काय बोलतोय? कारखाना आवडतोय का न्हाय? माझ्यावर राग हाय का?"

"हे त्याला विचारा, शेट."

शेट हसले. "मशीन बिघडलं, मेकॅनिक बोलावला. काय बिघडलंय ते तो मालकाला सांगतो का न्हाय?"

"श्रीकांत मशीन न्हाय."

"फी कुणाची?"

"कारखान्याची."

"मग माल कुणाचा?"

ह्यात त्यांचं काही चुकत होतं असं मला तेव्हा वाटलं नाही. आमच्याकडं जो पैसे मोजतो तो टॉवेल उलटा करून बघणारच. अक्का म्हणाल्या, "शेट, श्रीकांत माझ्यापुढं बसतो तो मी सांगणार नाही म्हणून बसतो. मी आज तुम्हाला सांगितलं, तर उद्या तुम्हाला सांगण्यासारखं काही उरणारच नाही. तो माझ्यापुढंही गप्प बसेल."

"थोडं सांगा. मोघम."

"मोघम पण सांगणंच झालं."

शेटचा चेहरा लाल झाला. आमच्या कारखान्यात त्यांना नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. "एवढी वर्षं माझ्या हाताखाली काम केलं तुमी. आज मला न्हाय म्हणताय? उद्यापासनं येऊ नका. आणि बाकीच्यांना पण मी सांगतो, ही बाई पैसे घेती आणि तोंड उघडत न्हाय."

अक्का उठल्या, नमस्कार केला आणि गेल्या. मी त्यांच्या मागून गेटपर्यंत धावले. "अक्का, 'सगळं बरं चाललंय' एवढं तरी म्हणायचं होतं की!"

"आणि बरं चालत नसलं तर?" त्या म्हणाल्या. मग स्वतःच दचकल्या. "बघ, हे पण बोलून गेले. विसर हे." आणि रिक्षात बसल्या.

शेटनी शब्द पाळला. थांबून असलेले कारखानदार मागं फिरले. ज्यांच्या भेटी चालू होत्या त्यांतल्या दोघांनी 'सध्या नको' म्हणून कळवलं. सात रस्त्याची खोली रिकामी पडली. अक्का रोज ठरल्या वेळी साडी नेसून, दार उघडं ठेवून बसायच्या. मान्यांसारखे एक-दोघे यायचे, बाकी जिन्यावर फक्त औषधाच्या दुकानातला पोरगा वर-खाली करायचा. त्यातच पुण्याजवळच्या एका कंपनीतून नोकरीचं विचारणं आलं. एचआरची मोठी जागा. गणपतीच्या आत कळवा म्हणाले.

त्या रविवारी गच्चीवर आम्ही तिघंच होतो. मी म्हणाले, "घ्या अक्का." माझ्या मनात खरंच तेच होतं. भाऊजींनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "महानंदा, तुला पुण्यात काय दिसतंय?"

अक्का त्यांच्याकडं बघतच राहिल्या. मग खदाखदा हसल्या. हसता हसता डोळे पुसले. "टेबल दिसालंय," त्या म्हणाल्या. "मोठं टेबल, आणि त्याच्या मागं बसून सल्ले देणारी मी." थोड्या वेळानं म्हणाल्या, "सोलापुरात पण माणसं राहत्यात. त्यांना पण बोलायला एक जागा पायजे, जितनं गोष्ट बाहेर जात न्हाय. चालू दे खोली." सोमवारी त्यांनी पुण्याला नकार कळवला. त्या दिवशी त्यांच्या हातात जेमतेम दोन गिऱ्हाइकं होती.

इकडं कारखान्यात श्रीकांतनं एक दिवस तोंड उघडलं. दुपारच्या मीटिंगनंतर सगळे उठले, तो बसून राहिला. दार लावून बाप-लेक संध्याकाळपर्यंत आत होते. एकदा आवाज चढला, एकदा अगदीच शांत झालं. बाहेर आल्यावर शेट थेट माझ्या टेबलाशी आले.

"हा पोरगा कोइम्बतूरला चालला होता. नोकरी ठरली होती त्याची. तुला माहीत होतं?"

"नाही शेट."

"आता जात न्हाय म्हणतोय. डिझाइनचं खातं त्याला एकट्याला पायजे, मी ढवळाढवळ करायची न्हाय म्हणतोय." ते माझ्या समोरच्या खुर्चीत बसले. पहिल्यांदाच. "त्या बाईला माहीत होतं. मी एवढा ओरडलो, काम काढून घेतलं, गावभर बोललो. तिनं एवढं जरी सांगितलं असतं की शेट, पोरगा चाललाय, तर मी तिचे पाय धरले असते."

"मग?" मी म्हणाले. अक्कांच्या संगतीनं मलाही सवय लागली होती.

"मग काय. मी त्याच दिवशी त्याच्या थोबाडीत मारली असती, आणि तो त्याच रात्री गेला असता."

गणपती उठल्यावर, एका दुपारी, अंबादासशेट सात रस्त्याचा जिना चढून वर गेले. हे त्यांनी स्वतः पुढच्या वर्षीच्या दसऱ्याला सांगितलं. आमच्या कारखान्यात दसऱ्याला मागांची पूजा होते, सगळे कामगार जमतात. त्या दिवशी शेटनी केबिनची किल्ली श्रीकांतच्या हातात दिली आणि बोलायला उभे राहिले. तेलुगूत सुरू केलं, मग सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत आले.

"मी त्या खोलीत गेलो आणि पहिलं काय इचारलं माहिताय? म्हटलं, अम्मा, हितं बोललेलं श्रीकांतला कळणार न्हाय ना?" माणसं हसायला लागली. "ती म्हणली, न्हाय. मी म्हटलं, त्यानं इचारलं तर? ती म्हणली, वडलांना विचार म्हणून सांगंन. तवा मी बसलो. कारखाना सोडला तर मी कोण, ह्या भीतीनं मला झोप येत नव्हती. बायकोला बोललो न्हाय, भावाला बोललो न्हाय. एक वर्ष तिच्यापुढं बोललो. फी माझ्या खिशातनं दिली, कारखान्याच्या न्हाय." त्यांनी मागच्या रांगेत बसलेल्या अक्कांकडं हात केला. "अख्ख्या सोलापुरात हे एकच दुकान बघितलं मी, जितं माल आत जातो आणि बाहेर येत न्हाय. मी ह्या बाईबद्दल वाईट बोललो होतो. ते मी परत घेतो."

रज्जाकभाईंनी पहिली टाळी वाजवली. अक्का खाली मान घालून बसल्या होत्या. मी शेजारी होते. मला वाटलं रडताहेत. त्या पुटपुटत होत्या, "एवढं सगळं सांगायची काय गरज होती त्यांना..."

पण सांगितलं ते बरं झालं. दिवाळीनंतर जिन्यावर चपला मावेनात. कारखानदार आले, त्यांची मुलं आली, डॉक्टर आले, एका शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. आणि गंमत म्हणजे बहुतेकांनी पहिला प्रश्न तोच विचारला, हितं बोललेलं बाहेर जात नाही ना.

मागच्या उन्हाळ्यात मला पुण्यात नोकरी लागली. निघायच्या दिवशी संध्याकाळी मी अक्कांचा निरोप घ्यायला त्यांच्या होटगी रोडच्या नव्या जागेत गेले. आतल्या खोलीला काचेचं दार आहे. आतलं दिसतं, ऐकू येत नाही. आत एक म्हातारी बाई बसली होती, इरकल लुगडं नेसलेली, हात उडवून काहीतरी सांगत होती, मधेच थांबत होती. अक्का पुढं झुकून बसल्या होत्या. हलत नव्हत्या. त्यांचा चेहरा मी इतकी वर्षं पाहिलेला, पण असा कुणाकडं लागलेला मी बाहेरून कधी पाहिला नव्हता. मी काचेपाशी बराच वेळ उभी राहिले. त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही. मला गाडी गाठायची होती. बाहेरच्या टेबलाशी बसलेल्या मुलीला म्हणाले, "सुरेखा येऊन गेली म्हणून सांग," आणि जिना उतरले. वाईट वाटलं नाही. त्या म्हातारीचं ऐकायचं सोडून अक्का वर बघत्या तर वाटलं असतं.

वळसंगच्या सिद्रामप्पांची मुलगी महानंदा बिराजदार आज सोलापुरातल्या नावाजलेल्या व्यावसायिक कोच आहेत. त्यांची जागा स्वतःची आहे, त्यांनी शिकवलेले कोच मराठी, कन्नड आणि तेलुगूत काम करतात, आणि त्यांना पुन्हा नोकरी करावी लागली नाही.